जुनी गाडी अनोळखी माणसाला विकताना पैसे कसे घ्यावेत?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही कोरेगावच्या. २०१६ ची वॅगनआर, तुमच्या स्वतःच्या नावावर, कर्ज फिटलेलं. ऑनलाइन जाहिरात टाकली, सांगलीकडच्या एकाचा फोन आला, तीन लाख चाळीस हजारांना सौदा तोंडी ठरला. तो म्हणतोय, दहा हजार टोकन आत्ता पाठवतो, मी क्यूआर कोड टाकतो तेवढा स्कॅन करा. उरलेल्यातले काही पैसे पार्टनरच्या खात्यातून येतील, बाकीचे रोख, आणि गाडी न्यायला रविवारी संध्याकाळी धाकटा भाऊ येईल. यावर तुम्ही विचारलंय की चेक घेऊ, डीडी (बँकेने काढून दिलेला डिमांड ड्राफ्ट) घेऊ की रोखच बरी.

मी साताऱ्यात जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं काम करतो. शिवाय ओळखीपाळखीतले लोक आपापसात गाडीचा व्यवहार करतात तेव्हा कागद आणि पैसे नीट व्हावेत म्हणून मला मध्ये बसवतात. त्यामुळे दोन्ही बाजूंची धास्ती मी रोज बघतो. विकणाऱ्याला वाटतं, गाडी गेली आणि पैसे आलेच नाहीत तर? घेणाऱ्याला वाटतं, पैसे दिले आणि हा सहीला आलाच नाही तर? दोघांचंही बरोबर असतं. म्हणून चेक की रोख हे ठरवण्याआधी वेगळंच ठरवावं लागतं: पैसे आता नक्की माझे झाले असं कुठल्या क्षणी मानायचं, आणि किल्ली, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), सही यातलं काहीही त्या क्षणाच्या आधी हातातून सोडायचं नाही. व्यवहार फसतात ते बहुतेक वेळा या क्रमात गफलत झाल्यामुळे. पैसे कुठल्या मार्गाने आले याने फरक पडतो, पण क्रम चुकला तर कुठलाच मार्ग वाचवत नाही.

पैसे येण्याला तीन पायऱ्या असतात. आधी ते दिसतात, मग खात्यात जमा होतात, आणि मग ते खात्यात टिकतात. बहुतेक लोक पहिल्या पायरीवरच गाडी देऊन मोकळे होतात.

दिसण्यावर अजिबात जाऊ नका. समोरच्याच्या मोबाईलवर हिरवी खूण आणि ‘पेमेंट सक्सेसफुल’ दाखवणारी नकली ॲप सर्रास मिळतात. त्यात रक्कम, तुमचं नाव, बारा आकडी व्यवहार क्रमांक सगळं हुबेहूब असतं. एसएमएसचंही तसंच. दुपारी भर गर्दीत पोवई नाक्यावर गाडी बघायला आलेल्या एका माणसाने विकणाऱ्याच्या फोनवर आलेला मेसेज त्यालाच मोठ्याने वाचून दाखवला होता. बँकेचं नाव बरोबर, खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर, रक्कम बरोबर. आकडे बरोबर असणारच, कारण खाते नंबर विकणाऱ्यानेच आधी पाठवलेला. फक्त मेसेज आला होता साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून. बँकेचे मेसेज असे कुणाच्या मोबाईल नंबरवरून येत नाहीत, ते बँकेच्या नावाच्या अक्षरी कोडवरून येतात. पण खरं सांगायचं तर हेही तपासत बसू नका. मेसेज आला की नाही याला महत्त्व देणंच सोडा. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बँकेचं ॲप स्वतः उघडून स्टेटमेंटमध्ये जमा नोंद बघा. ॲप वापरत नसाल तर शाखेत जाऊन पासबुक भरून घ्या. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून, त्याच्या फोनवरून किंवा त्याने दिलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करून खात्री करायची नाही.

जमा नोंद बघतानाही एक बारकावा आहे. चेक भरला की काही बँकांच्या ॲपमध्ये एकूण शिल्लक लगेच वाढलेली दिसते, पण चेक पास होईपर्यंत ते पैसे काढता येत नाहीत. म्हणून ‘उपलब्ध शिल्लक’ किंवा ‘क्लिअर बॅलन्स’ वाढला का ते बघायचं. एनईएफटी किंवा आरटीजीएसने (बँकेतून थेट खात्यात पैसे पाठवायच्या पद्धती) पैसे आले असतील तर नोंदीत यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) असतो आणि पाठवणाऱ्याचं नावही बहुतेक वेळा दिसतं. ते नाव नीट वाचा. का, ते पुढे सांगतो.

आता तुमच्या टोकनचं. क्यूआर स्कॅन करू नका. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला काहीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुम्ही पैसे दिलेत. एकाने दुसऱ्याकडे पैसे मागायची कलेक्ट रिक्वेस्टची सोय होती, ती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. तिचा गैरवापर फार व्हायचा. पण क्यूआरचा सापळा तसाच आहे. ज्याला खरंच टोकन द्यायचंय त्याला तुमचा यूपीआय आयडी किंवा मोबाईल नंबर पुरतो. तो म्हणेल, ‘आमचं कंपनीचं खातं आहे, असंच चालतं’, किंवा ‘आधी एक रुपया टाकून बघा, दोन रुपये परत येतील’. आणि ते दोन रुपये येतातही! तिथेच माणूस फसतो. पुढच्या वेळी पाच हजारांचा कोड येतो.

याच्या जोडीला दुसरा प्रकार म्हणजे ‘चुकून जास्त गेले’. दहा हजारांऐवजी एक लाख आल्याचा मेसेज येतो, लगेच रडवेला फोन येतो की बायको दवाखान्यात आहे, नव्वद हजार या नंबरवर परत टाका. स्टेटमेंट बघाल तर बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं. समजा खरंच आलेलं असलं, तरी तुम्ही स्वतःहून दुसऱ्या कुठल्या नंबरवर पैसे पाठवायचे नाहीत. त्याला त्याच्या बँकेत लेखी अर्ज द्यायला सांगा, तुम्ही तुमच्या बँकेला कळवा, आणि बँकेमार्फत ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात फार लागू पडते म्हणून इथे सांगतो. ‘मी आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी बघायला येता येत नाही, युनिटची गाडी येऊन घेऊन जाईल’, असं सांगणारे फोन येतात. व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्राचा फोटो, कॅन्टीन कार्डाचा फोटो. आपल्याकडे अपशिंग्यासारखी गावं आहेत, घराघरात कुणीतरी फौजेत आहे किंवा होतं. त्यामुळे वर्दी बघितली की आपण शंका घ्यायलाही कचरतो. भामट्याला हेच हवं असतं. खरा फौजी सुट्टीवर आला की गाडी बघतो, मेकॅनिकला घेऊन येतो, चार दिवस घासाघीस करतो. न बघता, भाव न करता लगेच पैसे टाकायला निघालेला माणूस, मग तो कुठल्याही वेशात असो, थांबवावा. वर्दीबद्दलचा आदर जपायचाच असेल तर तिचा असा वापर करणाऱ्यांना थारा न देणं हेच आपल्या हातात आहे.

आता मार्गाचं बघू. तुमच्या रकमेला मी आरटीजीएस सांगेन. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे चालतं, म्हणजे तुमची रक्कम त्यात बसते, आणि पैसे साधारण अर्ध्या तासात पोचतात. एनईएफटीला किमान रकमेची अट नाही, ते दर अर्ध्या तासाच्या तुकडीने जातं, त्यामुळे थोडी वाट बघावी लागते. आयएमपीएस पाच लाखांपर्यंत चालतं आणि लगेच पोचतं, पण काही बँकांची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असते. साध्या यूपीआयची मर्यादा दिवसाला साधारण एक लाख, म्हणून पूर्ण रक्कम एका दिवसात त्यातून येणार नाही. मोटारसायकल असती तर यूपीआय पुरलं असतं.

एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असतं. त्यामुळे ‘रविवार आहे, पैसे जात नाहीत, आत्ता चेक ठेवा, उद्या टाकतो’ हे कारण मानू नका. तरीही मी रविवार संध्याकाळ टाळायलाच सांगेन, कारण काही अडलं तर विचारायला शाखा उघडी नसते. दुसरा आणि चौथा शनिवारही बँका बंद असतात, तेवढं बघून दिवस ठरवा.

खऱ्या घेणाऱ्याचीही एक अडचण होते, ती आधीच सोडवून ठेवावी. मोबाईल बँकिंगमध्ये नवीन खातं जोडलं की अनेक बँका पहिले चोवीस तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. माणूस प्रामाणिक असतो, सांगलीहून गाडी करून येतो, आणि ऐनवेळी पन्नास हजारांच्या वर पैसेच जात नाहीत. मग अंधार पडत आलेला, तो म्हणतो अर्धे घ्या, बाकीचे उद्या सकाळी नक्की. तुम्हालाही वाटतं, एवढ्या लांबून आलाय, माणूस बरा दिसतोय. अशा वेळी चुकीचा निर्णय होतो आणि त्यात कुणाची लबाडीही नसते. म्हणून खाते नंबर आणि आयएफएससी (शाखेचा कोड) त्याला दोन दिवस आधी द्या, खातं जोडून घ्यायला सांगा, आणि टोकनची रक्कम त्याच खात्यातून पाठवायला सांगा. टोकन नीट आलं की नाव जुळतं का तेही कळतं. खाते नंबर देण्यात धोका नाही. सही केलेला कोरा चेक, कार्डाचा फोटो, ओटीपी, किंवा ‘गाडीची माहिती भरायचं ॲप’ म्हणून आलेली एपीके फाईल, यांच्या वाटेला जायचं नाही.

चेक मी स्वतः अनोळखी माणसाकडून घेत नाही. चेक परत गेला तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली दाद मागता येते. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, मग त्याला पैसे द्यायला पंधरा दिवस, मग महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. शिक्षेची तरतूदही आहे. पण तोवर तुमची गाडी कुठे असेल? घ्यायचाच झाला तर चेक पास होऊन क्लिअर बॅलन्स वाढेपर्यंत गाडी तुमच्या दारात राहील, एवढं स्पष्ट सांगून घ्या.

डीडीवर लोकांचा फार विश्वास असतो, कारण त्यात बँकेने पैसे आधीच घेतलेले असतात. ते खरं आहे, पण तो डीडी खरा असेल तर. संध्याकाळी सहा वाजता दारात आणून दिलेला छापील कागद खरा की बनावट, हे तुम्ही-आम्ही ओळखू शकत नाही. दोघं मिळून त्याच्या शाखेत गेलात आणि डोळ्यांदेखत डीडी काढला तर चालेल. पण शाखेत गेलातच आहात तर तिथूनच आरटीजीएस का करू नये?

रोख. इथे कायदा स्पष्ट आहे. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही, आणि घेतली तर घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आज दीड आणि परवा दीड असे तुकडे केले तरी व्यवहार एकच धरला जातो. ‘काही रोख’ म्हणजे नक्की किती, हे म्हणून आधी विचारा. छोट्या रकमेची रोख घ्यायची असेल तर तुमच्या बँकेत, काउंटरवर, त्याच्यासमोर भरा. नोट खोटी निघाली तर तिथेच कळते, आणि पन्नास हजार रोख घेऊन घरी जायची जबाबदारीही राहत नाही. मोठा रोख भरणा असेल तर पॅन लागू शकतो, तो बरोबर ठेवा.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. ‘पार्टनरच्या खात्यातून’. तिसऱ्या पायरीचा, म्हणजे पैसे टिकण्याचा, प्रश्न इथे येतो आणि याबद्दल लोक फार कमी बोलतात.

कराडजवळच्या एका दूधवाल्याने त्याची पिकअप विकली. पैसे खरोखर जमा झाले, स्टेटमेंटमध्ये दिसले, त्याने त्यातून कडब्याचे आणि पेंडीचे पैसेही चुकते केले. तीनेक आठवड्यांनी एटीएममधून पैसे निघेनात. शाखेत गेल्यावर कळलं की दुसऱ्या एका राज्यातल्या सायबर पोलिसांच्या तक्रारीवरून खात्यावर होल्ड लागलाय. झालं असं होतं की गाडी घेणाऱ्याने पैसे ‘मित्राच्या’ खात्यातून पाठवले होते, आणि त्या खात्यात ते पैसे कुणालातरी फसवून आलेले होते. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की बँका त्या पैशाचा माग काढत जातात. एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि जिथे जिथे तो पैसा गेला तिथे तेवढी रक्कम अडवतात. कधी कधी अख्खं खातंच गोठतं. या माणसाचं डेअरीचं बिलही त्याच खात्यात यायचं, तेही अडकलं. गाडी गेलेली, पैसे अडकलेले, आणि त्याचा काही दोष नसताना पोलिसांना कागद पाठवत बसायची वेळ. विक्रीचा करार, भरलेले फॉर्म, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत हे सगळं होतं म्हणून शेवटी सुटलं, पण त्याला महिने गेले.

म्हणून माझा नियम पक्का आहे. आरसीवर ज्याचं नाव चढणार, ज्याचं नाव फॉर्मवर लिहिलं जाणार, त्याच्याच खात्यातून पैसे आले पाहिजेत. बापाचं खातं, मुलाच्या नावावर गाडी, असं घरातलं असेल तर मी दोघांची ओळखपत्रं घेतो आणि करारात तसं लिहितो. बँक किंवा पतसंस्था कर्ज देत असेल तर ती थेट तुमच्या खात्यात पैसे टाकते, तेही चांगलंच, फक्त मंजुरीचं पत्र बघा. पण ‘पार्टनर’, ‘मित्र’, ‘आमचे शेठ’ यांच्या खात्यातून आलेला पैसा मी घेत नाही. त्या पार्टनरने आधी घेणाऱ्याच्या खात्यात टाकावेत, आणि घेणाऱ्याने तुम्हाला द्यावेत. खरा माणूस फार तर थोडा वैतागतो आणि करतो.

शक्य असेल तर पैसे अशा खात्यात घ्या जिथे तुमचा पगार किंवा घरखर्च येत नाही. दुसरं बचत खातं असेल तर ते वापरा. काही अडकलंच तर घर थांबत नाही.

आता प्रत्यक्ष दिवस कसा असावा ते सांगतो. घेणारा स्वतः यायला हवा, भाऊ नव्हे. सकाळी अकराच्या सुमाराला, तुमच्या बँकेच्या शाखेत किंवा तिच्या जवळ भेटा. आधी कागद दाखवा: आरसी, विमा, पीयूसी, बँकेची एनओसी (ना हरकत पत्र). कर्ज फिटलं म्हणताय, पण आरसीवरचा बोजा (बँकेच्या कर्जाची नोंद) उतरलाय का ते ‘वाहन’ या सरकारी पोर्टलच्या नोंदीत बघा. अनेकांनी हप्ते संपवलेले असतात आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म भरायचा राहिलेला असतो. ई-चलन थकलेलं आहे का ते बघून भरून टाका. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा एचएसआरपी (जास्त सुरक्षेची) नंबरप्लेट बसवलेली असावी. ही तीन कामं राहिली की नाव चढायला अडतं, आणि मग घेणारा म्हणतो, काम होईपर्यंत पन्नास हजार राखून ठेवतो. त्याचं म्हणणं चुकीचंही नसतं. उधारी टाळायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे उधारीला कारणच न ठेवणं.

कागद पटले की फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलायचे आरटीओचे फॉर्म) पूर्ण भरा: त्याचं नाव, पत्ता, तारीख, सगळं. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप घ्यावी लागते, ती तो किंवा त्याचा एजंट तिथेच घेऊ शकतो. फॉर्म भरून टेबलावर ठेवायचे, सही करायची नाही. मग त्याने पैसे पाठवायचे. तुम्ही तुमच्या ॲपमध्ये किंवा काउंटरवर विचारून जमा नोंद, रक्कम आणि पाठवणाऱ्याचं नाव बघायचं. मग सह्या. मग गाडी ताब्यात दिल्याची पावती, दोन प्रतींत, त्यावर तारीख आणि वेळ, किलोमीटरचं रीडिंग, यूटीआर नंबर, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. वेळ लिहायला विसरू नका. त्या दिवशी दुपारी गाडीने काही केलं तर ती किती वाजता कुणाच्या हातात होती, हेच विचारलं जातं. करार स्टॅम्पवर हवा असेल तर आता पाचशेचा घ्यावा लागतो, शंभरचा जमाना ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. आणि मग किल्ली, दोन्ही.

घेणाऱ्याला हा क्रम नीट समजावून सांगितला तर तोही खूश असतो, कारण पैसे पाठवताना भरलेले फॉर्म त्याच्या डोळ्यांसमोर असतात.

कोऱ्या टीटी फॉर्मवर (म्हणजे याच २९-३० वर) सह्या करून द्यायची आपल्याकडे जी पद्धत पडलीय, ती कृपा करून मोडा. एजंट म्हणतो, ‘सही करून द्या, पुढचं मी बघतो’, आणि ती गाडी नाव न चढता चार हात फिरते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राहिली होती, नोंद मात्र जुन्याच मालकाच्या नावावर, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावर आली. मोटार वाहन कायद्यानुसार विक्री झाल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करताना मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो ओटीपी म्हणजे सहीच समजा. पैसे जमा होण्याआधी सांगायचा नाही, आणि जमा झाल्यावर टाळायचाही नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. घेणारा तुमच्या भावकीतला किंवा गावातला असेल तर एवढं कडक होता येत नाही. ‘कारखान्याचं बिल आलं की उरलेले देतो’, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येकाने ऐकलेलं आहे आणि अनेक वेळा ते पाळलंही जातं. तिथे मी एवढंच करतो की राहिलेली रक्कम आणि तारीख पावतीवर लिहून घेतो, आणि बाकी येईपर्यंत फॉर्म ३० वरची सही किंवा दुसरी किल्ली राखण्याऐवजी गाडीच ठेवून घेतो. गाडी देऊन सही राखून ठेवणं मला धोक्याचं वाटतं, कारण मधल्या काळात रस्त्यावर तुमच्या नावाची गाडी दुसरा चालवतो. घेणारा कर्नाटकातला असेल तर २८ नंबरच्या फॉर्मवरची एनओसी लागते, त्याला वेळ जातो, तेव्हा टोकन घेऊन थांबा आणि गाडी एनओसीनंतरच द्या.

घेणारा स्वतः जुन्या गाड्यांचा डीलर असेल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृतपत्र आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत अशा अधिकृत डीलरला गाडी देताना २९-सी फॉर्मची नोंद होते आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. आम्हा व्यावसायिकांना हे विचारलेलं आवडत नाही असं समजू नका, विचारायलाच हवं.

फोटोंचं एक राहिलं. आरसी आणि आधारचे स्वच्छ फोटो टोकन येण्याआधी कुणालाही पाठवू नका. ते वापरून तुमच्याच गाडीची खोटी जाहिरात टाकतात आणि दुसऱ्याला फसवतात. द्यायचेच तर आधारचे शेवटचे चार आकडेच दिसतील अशी मास्क केलेली प्रत द्या, आणि तीवर तारीख आणि ‘फक्त या गाडीच्या व्यवहारासाठी’ असं आडवं लिहा.

आणि चुकून पिन टाकला गेलाच, पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, घरच्यांना सांगायचं की नाही याचा विचारही नंतर करा. लगेच १९३० वर फोन आणि आपल्या बँकेला फोन. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत अडवता आले तरच परत येण्याची शक्यता असते, त्यात मिनिटं मोजावी लागतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

व्यवहार झाल्यावर फास्टॅग बंद करायला विसरू नका, नाहीतर घेणारा तासवड्याच्या टोलनाक्यावरून सांगलीला जाईल आणि पैसे तुमच्या खात्यातून कापले जातील. विमा कंपनीला कळवा. काही आठवड्यांनी वाहनच्या नोंदीत गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा, आणि बदलेपर्यंत फाईल हाताशी ठेवा.

आता तुमच्या माणसाकडे वळू. तो फसवाच आहे असं मी म्हणत नाही. भावाला पाठवणारे, पार्टनरकडून पैसे फिरवणारे साधे लोकही असतात. क्यूआर मात्र मला बरा वाटत नाही. त्याला आज एवढाच मेसेज पाठवा: “गाडी तुम्हालाच द्यायची आहे. माझा यूपीआय आयडी आणि खाते नंबर पाठवते आहे. टोकन तुमच्या स्वतःच्या खात्यातून पाठवा, मी क्यूआर स्कॅन करणार नाही. बाकी रक्कम आरटीजीएसने, तुमच्याच खात्यातून. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही स्वतः आधार आणि पॅन घेऊन कोरेगावात माझ्या बँकेत या. पैसे जमा झालेले दिसले की तिथेच सह्या आणि किल्ली देते.” त्याने ‘ठीक आहे’ म्हटलं तर पुढचं सगळं वरच्यासारखं करा. त्याने कारणं सांगायला सुरुवात केली, किंवा ‘दुसरी गाडी बघतो मग’ म्हटलं, तर बघू द्या. सातारा-सांगलीत चालू स्थितीतल्या वॅगनआरला गिऱ्हाईक मिळतं, दोन आठवडे जास्त लागतील एवढंच. त्याचं उत्तर काय येतं ते इथे कळवा, कागदात काही अडलं तर तेही विचारा.